धुवून ठेवलेली मसल कार

बेसिंगस्टोककरांनो, मला कोणीतरी समजावा.

नवऱ्याने हौसेने घेतलेली जुनी, दुर्मिळ अमेरिकन मसल कार आमच्या गॅरेजमध्ये नुसतीच गंजत होती. रिस्टोअर करणं जमेना, म्हणून विकायला काढली. आज एक इंग्लिश आजोबा बघायला येणार होते. पाहुणे येणार म्हणून सासूबाईंनी सकाळीच ती घासूनपुसून लख्ख केली.

आजोबांचा चेहराच पडला. "धुतलीत कशाला? जुन्या गाडीला कोणी हात लावलेला नसला, तरच तिला खरी किंमत. त्याचा पुरावा होती ती धूळ."

मी सॉरी म्हणेपर्यंत त्यांना सीटखाली कोळ्याचं जाळं दिसलं आणि ते एकदम खुलले.

जाळं दिसताच सासूबाई झाडू आणायला निघाल्या.

लग्न झाल्यापासून मला घरातली धूळ दाखवणाऱ्या बाईंना, धूळ जपायची असते हे मी कसं सांगू?