चुन्याची रिंगणं आणि नाकेदारभाऊ

जमिनीकडे नुसतं बघून माणसाची, कुत्र्याची आणि नगरसेवकाची नियत सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते चंद्रपुरात, आमच्या गल्लीत, माझ्या घरासमोर राहतात. वनरक्षकाला आमच्याकडची जुनी माणसं नाकेदार म्हणतात, म्हणून निवृत्तीनंतरही ते सगळ्यांचे नाकेदारभाऊच राहिले. उभी नोकरी गडचिरोलीच्या जंगलात जनावरांची पावलं आणि विष्ठा ओळखण्यात गेली. जंगल सुटलं, ओळखणं सुटलं नाही. गल्लीत वाघ नव्हता. कुत्री मुबलक होती, आणि ती पाळणारे आम्ही सभ्य लोक रोज सकाळी साखळी हातात धरून, आभाळाकडे बघत, दुसऱ्याच्या फाटकासमोर उभे राहत होतो.

जंगलात वाघाचं पाऊल सापडलं की कुणी तुडवू नये म्हणून त्याभोवती काठीनं रिंगण ओढतात. भाऊ तेच गल्लीत चुन्यानं करत. उजाडताच एका हातात बांबूची काठी, दुसऱ्या हातात चुन्याचा डबा. कुत्र्यानं टाकलेला ऐवज दिसला की रिंगण, बाजूला तारीख, आणि तिच्याखाली संशयिताचा घर क्रमांक. मग वहीत पंचनामा: 'आकार मध्यम, अंश पोळी व बिस्किटाचे, तोंड उत्तरेकडे.' पंच म्हणून दूधवाल्याची सही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई एकदा तणतणत आल्या, "भाऊ, आमची स्वीटी बाहेर जातच नाही!" भाऊंनी काठी टेकली. "बाई, स्वीटीनं काल बेसनाचा लाडू खाल्ला का नाई?" बाई घरात गेल्या आणि बाहेर आल्या त्या खुरपं अन् कागद घेऊन. महिनाभरात साखळीवाला प्रत्येक माणूस खिशात पिशवी ठेवू लागला.

बाकीच्या कारभारातही त्यांचा हिशेब जंगलाचाच. आमची गल्ली म्हणजे त्यांची बीट, नाकेदारानं राखायचा जंगलाचा तुकडा. मे महिन्यात नळाची पाइपलाइन फुटली तेव्हा आम्ही अर्ज लिहीत बसलो. भाऊ मात्र झाडाखाली स्टूल टाकून दिवसभर बसले आणि पाणवठ्यावर करतात तशी गणना केली: 'गाई चार, डुकरं अकरा, नगरसेवकाची गाडी धुणारा एक.' ती यादी चौकात चिकटवल्यावर तिसऱ्या दिवशी पाइप दुरुस्त झाला. कुणी दारात पालापाचोळा पेटवला की "वणवा! वणवा!" ओरडत ते हिरवी फांदी घेऊन धावत, आणि आग विझवून झाल्यावर पेटवणाऱ्याच्याच घरी चहा पीत.

आता माझं सांगतो. सांगायला दोन वर्षं लागली.

त्यांच्या वहीत माझा घर क्रमांक कधीच आला नाही. मी शाळेत मास्तर, म्हणून त्यांचा विश्वास. "सरचा कुत्रा शिकलेला हाये," असं ते चारचौघांत सांगत. खरं म्हणजे शिकलेला मी होतो. टायसनला मी त्यांची फेरी सुरू होण्याआधी बाहेर काढत असे. शिवाय आमच्या घरात मटण चालत नाही, तरी दर रविवारी फिरवण्याच्या नावाखाली मी त्याला खाटकाकडे नेत असे. तिथे तो बकऱ्याच्या केसाळ शेपट्या खाई, घाईत खाटकाची प्लास्टिकची पिशवीसुद्धा सोडत नसे.

अशाच एका सोमवारी टायसननं भाऊंच्याच फाटकासमोर कार्यक्रम उरकला आणि तो घराकडे पळाला. माझ्याजवळ पिशवी नव्हती. तेवढ्यात भाऊंचं दार वाजलं. मी काय केलं असेल? धुळीतली टायसनची पावलं चपलेनं पुसून टाकली आणि आभाळाकडे बघत उभा राहिलो.

भाऊ खाली वाकले. बराच वेळ वाकून राहिले. "सर, याच्यात बकऱ्याचे केस हायेत. टायसन होता का तुमच्यासंग?"

"नाही भाऊ. आज त्याला आणलंच नाही."

"काही दिसलं?"

"काहीच नाही."

ते रिंगण घालून सावकाश उठले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मग हा बिबट हाये."

आमच्या शहरात ही थट्टेची गोष्ट नाही. बिबट खरोखर येतो. पोरांना शाळेत पाठवलं नाही, भाजीवाली परत गेली, स्वीटी पलंगाखाली. दुपारी वनखात्याची दोन तरुण मुलं आली. त्यांनी रिंगणाला नमस्कार केल्यासारखं वाकून काडीनं उकरलं आणि निळ्या पिशवीचा तुकडा बाहेर काढला. एक अदबीनं म्हणाला, "काका, बिबट पिशवीसकट खात नाई. कुत्रा हाये." सगळी गल्ली हसली. मीही हसलो.

पुढे "भाऊ, बिबट कुठी हाये?" असं पानठेल्यावरचे लोकही विचारू लागले. आठवड्याभरात डबा, काठी आणि वही घरात गेली. भाऊ गॅलरीत बसून राहत. गल्ली हळूहळू पूर्वीसारखी झाली.

गेल्या महिन्यात, उजाडताना, टायसननं पुन्हा तीच जागा निवडली. मी त्याला घट्ट धरलं, घरून आणलेला चुना काढला, रिंगण घातलं, तारीख लिहिली आणि खाली माझा घर क्रमांक लिहिला. मान वर केली तर भाऊ फाटकाशी उभे.

"हे काय करून राह्यले, सर?"

"भाऊ, तेव्हाचा बिबटही हाच होता. पावलं मी चपलेनं पुसली होती."

ते फाटक उघडून बाहेर आले. टायसन त्यांच्या पायाशी शेपूट हलवत होता. मग म्हणाले, "मले वाटलं, नजर गेली माही. डोळ्याच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आलो. तो म्हणे, काही नाई तुम्हाले. मले पटेच ना." त्यांनी माझ्या हातातला चुना घेतला आणि रिंगणाची तुटलेली बाजू जोडली. "वाकडं झालं. असं नाई काढत."

आता आम्ही दोघं फेरीला जातो. डबा माझ्याकडे, काठी त्यांच्याकडे. पानठेल्यावर मी स्वतः सगळं सांगितलं. लोक आता मला बिबट म्हणतात, ते योग्यच आहे. भाऊ पूर्वीसारखेच बोलतात, चहाला बोलावतात. फक्त कधी काही विचारायचं असलं, अगदी "जेवले का, सर?" एवढंच असलं, तरी आधी ते एकदा माझ्या चपलांकडे बघतात.