ताईची जमीन: घाटघरचं धुकं आणि घोडेगावचा उतार

माझी थोरली बहीण भूगोल शिकवायची. २००६ साली शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने जाहीर केलं, "आता मी डोंगरात राहणार. थंड हवा, दहा-बारा आंब्याची झाडं, बस." भावजी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा बंगलोरला. ती चिंचवडला माझ्या शेजारच्या इमारतीत राहायची. ती लांब जाणार हे मला आवडलं नव्हतं, पण गाडी मीच चालवते, त्यामुळे तिच्याबरोबर जाणं आलंच.

मे महिन्यात ती शाळेच्या जुन्या मैत्रिणींबरोबर नाणेघाटाला गेली होती. पुणं भाजत होतं आणि तिथे दुपारी वारा सुटला होता. तेवढ्यावर तिने घाटाजवळच्याच घाटघर गावातली एक जमीन मनात पक्की केली. मी एकच अट घातली. सौदा करण्याआधी पावसाळ्यात जाऊन यायचं.

ऑगस्टमध्ये आम्ही सकाळीच निघालो. चाकण, राजगुरुनगर, मंचर करत नारायणगावला मिसळ खाल्ली. तिथे आभाळ भरलेलं होतं, पण रस्ता कोरडा. जुन्नरला भुरभुर सुरू झाली. तुम्ही जाणार असाल तर पेट्रोल जुन्नरलाच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. आपटाळ्याच्या पुढे वायपर थांबवता आला नाही आणि घाटघरच्या अलीकडे तर समोरची म्हैस दिसायलाच वेळ लागला. हॉर्न वाजवला तरी ती हलली नाही. शेवटी ताई छत्री घेऊन उतरली आणि तिला बाजूला करून आली.

ज्यांची जमीन होती ते बबनराव रस्त्यावर घोंगडी पांघरून उभे होते. "या पावणं, या! आज जरा जास्तच हाय," ते म्हणाले. जमीन बघायला गेलो खरं, पण दिसलं फक्त पायाखालचं. बांध कुठे आणि दरी कुठे, ते बबनराव हाताने दाखवत होते आणि आम्ही पांढऱ्या धुक्याकडे बघून माना डोलवत होतो.

घरी त्यांच्या बायकोने, हिराबाईंनी, चहा दिला. चुलीवर दोरी बांधून कपडे वाळत घातले होते. भिंतीला हात लावला तर ओला झाला. ताईने पर्समधून शाळेतला थर्मामीटर काढला. तो ती हल्ली सगळीकडे नेत असे.

"हजार फूट वर गेलं की दोनेक अंश कमी होतात, हे मी मुलांना शिकवलं," ती मला म्हणाली. "पण पुण्यापेक्षा आपण तेवढंसुद्धा वर नाही. हा गारठा उंचीचा नाही, ओलीचा आहे."

"बाई, तुमी बारा म्हयनं ऱ्हाणार का उन्हाळ्यापुरत्या येणार?" हिराबाईंनी विचारलं.

"बाराही महिने. आंबे लावायचेत."

"मस लागत्याल आंबे," बबनराव घाईने म्हणाले. "हवा बघा ना कशी हाय!"

हिराबाईंनी नवऱ्याकडे बघितलं नाही. "आमी लावली व्हती झाडं. मोहर येतो, पन धुकं पडलं की काळा पडून गळतो. आनि पावसाळ्यात लई हाल. माझं म्हायेर बोरी बुद्रुक. ह्योच तालुका, पन तितं कपडे दुपारपत्तुर वाळत्यात. हितं सण आला तरी वाळत न्हाईत. तुमी येकट्या. आजारी पडला तर कोन बघनार?"

बबनराव उठले. "झालं! आता पोरीला जुन्नरला कुटं ठिवायची, ते बी तूच सांग."

मग कळलं. मुलगी दहावी झाली होती. तिच्या शिक्षणासाठी त्यांना जुन्नरला बिऱ्हाड करायचं होतं, म्हणून जमीन विकायला काढली होती. हिराबाईंनी पुन्हा आमच्या कपात चहा ओतला आणि म्हणाल्या, "आमाला खाली जायचंय आनि तुमाला वर यायचंय. पन सांगायचं ते सांगितलं."

संध्याकाळी आम्ही परत जुन्नरला आलो. मुक्काम तिथेच एका साध्या लॉजवर केला. टेबलपंखा होता, तो आम्ही गादीवर पसरलेल्या ओल्या कपड्यांकडे वळवून लावला.

दुसऱ्या दिवशी घोडेगावच्या वाटेने आंबेगाव तालुक्यात उतरलो. एका एजंटाने घोडेगावच्या पश्चिमेला दोन तुकडे दाखवले. एक ओढ्याकाठी सपाट, दुसरा त्याच्याच वर, पूर्वेकडे तोंड केलेल्या उतारावर. पाऊस होता, पण अधूनमधून थांबत होता आणि ऊनही पडत होतं. एजंट सपाट तुकड्याचं कौतुक करत होता. ताई म्हणाली, "थंडीत पहाटे येऊन बघीन, मग सांगीन."

तशी ती जानेवारीत मला घेऊन गेलीच. खालच्या शेतात धुकं साचलेलं, टोमॅटोची पानं करपल्यासारखी. आम्ही चढून वर गेलो तर स्वेटर काढावा लागला. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी खाली उतरून बसते, हे ताईने मला तिथल्या बांधावर बसून समजावलं. इतक्या वर्षांत तिची विद्यार्थिनी व्हायची ही माझी पहिलीच वेळ. तिने उताराचा तुकडा घेतला.

घ्यायच्या विचारात असाल तर एवढं सांगते. शेतजमीन घ्यायला स्वतःचं नाव कुठल्या तरी सातबाऱ्यावर असावं लागतं. ताईचं वडिलांच्या जमिनीवर होतं. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासींना सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही, ते तलाठ्याकडे आधी विचारा. आणि जागा एकदा भर पावसात आणि एकदा कडक थंडीत बघा. मे महिन्यात सगळेच डोंगर चांगले वाटतात.

घाटघरची जमीन त्या वर्षी विकली गेली नाही. हिराबाई पावसाळ्यात मुलीला घेऊन जुन्नरला भाड्याच्या खोलीत राहू लागल्या आणि बबनराव वर एकटे, हे ताईला फोनवर कळलं.

ते कळलं तेव्हा ती चिंचवडच्या घरी घोडेगावला न्यायचं सामान बांधत होती आणि मी मदतीला गेले होते. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता थांबली.

"त्या दिवशी हिराबाई गप्प बसली असती तर मी घाटघर घेतलंच असतं," ती म्हणाली. "तुझं ऐकलं नसतं, थर्मामीटरचंही नाही."

"मग चांगलंच झालं की."

"माझं झालं," ताई म्हणाली. "तिच्या जागी मी असते ना, माझ्या पोराच्या शिक्षणाचा प्रश्न असता, तर मी बोलले नसते."

मी पुढचं पातेलं कागदात गुंडाळायला घेतलं. मीही बोलले नसते.