धबधब्यामागची फट

आचऱ्याच्या अंगणवाडीतून सारिका दोन वाजता घरी येई. आल्यावर आधी ओंकारला कुशीवर वळवायचं आणि मग स्वतःचे पाय धुवायचे, हा तिचा कित्येक वर्षांचा क्रम. भाऊ तिच्याहून पाच वर्षांनी लहान, एकेचाळीसचा. अंगातले स्नायू सुकत जाणारा आजार. शाळेत असताना पायांतून सुरू झाला आणि सावकाश वर चढत गेला. आता उजव्या हाताचा अंगठा तेवढा त्याचं ऐकत होता. आई, म्हणजे माई, होती तोवर दोघींनी मिळून केलं. मधल्या काळात सारिकाला दोन-तीन स्थळंही आली. त्यातल्या एकाने "भावाची पुढे काय सोय करणार?" असं विचारलं, तेव्हा तिने न संपलेले चहाचे कप उचलले आणि बैठक आटोपली.

जेवणं झाली की चार ते पाच दोघं टीव्हीवर गेम खेळत. तो गेम त्यांच्या वडिलांनी, भाईंनी, ओंकार बारा वर्षांचा असताना कुडाळच्या बाजारातून आणलेला. काळा डबा, पिवळी कॅसेट. दोन शिपाई, एक निळा, एक लाल. धबधब्याच्या कड्यावरून उड्या मारत वर चढायचं आणि वरून शत्रू येतच राहायचे. ओंकारच्या बोटांना उडी जमेनाशी झाली, त्याच सुमारास एकदा त्याचा लाल शिपाई पाण्यामागे खडकाच्या फटीत अर्धा रुतून बसला. गेम बनवणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली जागा असावी ती. तिथे गोळी लागत नसे आणि शिपाई मरत नसे, पण त्याला गोळ्या झाडता येत. नुसता अंगठा दाबून ठेवला की झालं. ओंकारने त्या जागेचं नाव 'न्हाणी' ठेवलं.

मग रोज सारिका त्याच्या शिपायाला फटीत नेऊन सोडी आणि आपला निळा घेऊन धावत सुटे.

"मी न्हाणयेत बसलंय. तू धाव."

"बस मेल्या आंघोळ करीत. माका हयसर घाम फुटलो."

"गो, उजव्या बाजूक बघ! तुज्या डोक्यार इलो. रव... मारलंय बघ. माज्याशिवाय तुजा काय खरा नाय."

ते खरंच होतं. सारिका धांदरट, चारी बाजूंनी घेरली जाई आणि ओंकारच्या गोळ्या तिला वाचवत. एकच गोष्ट होती. निळा वर चढला की पडदा सरके आणि खाली, पडद्याबाहेर राहिलेला लाल मरे. म्हणून ती कधी वर गेली नाही. धबधब्याच्या पायथ्याशीच दोघांनी इतकी वर्षं शत्रू मारले. वर काय आहे ते दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून अडलंही नव्हतं.

खाऱ्या हवेने डबा गंजला. चार दिवसांतून एकदा चाले, तेही थपडा खाऊन. तेवढ्यात धाकट्या बहिणीचा, इशिताचा, पुण्याहून फोन आला. तोच गेम रीमास्टर होऊन, म्हणजे नव्याने घडवून बाजारात आला होता. चवथीला येताना ती नवं यंत्रच घेऊन येणार होती. गणपतीच्या जागेची साफसफाई करताना सारिकाने जुना डबा कॅसेटीसकट भंगारवाल्याला देऊन टाकला. नवा येतोच आहे, हा विचार तिचाच.

इशिताने हौसेने सगळं जोडलं. पडदा उजळला. पाण्याचे तुषार वेगळे दिसत होते, शेवाळ ओलं दिसत होतं.

"आंबोलीक गेल्यासारखा वाटता गो," ओंकार म्हणाला. आंबोलीला तो एकदाच गेला होता, भाईंच्या खांद्यावर बसून.

सारिकाने लाल शिपाई धबधब्यामागे नेला. तो खडकावर आपटला, घसरला, पाण्यात पडून मेला. तिने पुन्हा नेला. एक पाऊल अलीकडे, एक पलीकडे, खालून, वरून. सात वेळा मेला. फट नव्हतीच.

इशिता फोनवर वाचत होती. "लिवल्यानी हा बघ, जुने सगळे दोष काढून टाकले. भिंतीत अडकाचा, रुताचा, काय्येक उरूक नाय." वाचताना ती खूश होती. शिकायला घर सोडून गेली तेव्हा ती लहान होती. दोघं नेमकी कशी खेळतात ते तिला कधी कळलंच नव्हतं.

सारिका काही बोलणार, तेवढ्यात ओंकारच म्हणाला, "भारी आणलंस हां इशिता. डोळ्यांक बरा वाटता."

पाच दिवसांनी इशिता गेली. सारिकाने नव्या गेममधल्या सगळ्या सोयी चाळून पाहिल्या. शत्रू कमी करता येत होते, वेग मंद करता येत होता, शिपायाचे कपडेसुद्धा बदलता येत होते. पण एका जागी बसून जिवंत राहायची सोय कुठेच नव्हती.

"तू एकटी खेळ," ओंकार म्हणाला. "मी बघतंय."

"माका एकटीक कंटाळो येता."

"खेळ गो. तिणा किती मायेन आणल्यान. फोन केल्यान तर काय सांगशीत?"

ती खेळायला बसली. निळा शिपाई कड्यावर चढला. मागे कोणी राहिलेलं नव्हतं, म्हणून वळून बघायचं कारण नव्हतं. धांदरट सारिका पहिल्याच दमात धबधबा ओलांडून गेली. वर बर्फ होता. पांढरं मैदान, लांब देवदारांची रांग. एकोणतीस वर्षांत न पाहिलेली जागा.

"ताई, किती सोप्यान वर गेलंस तू," ओंकार म्हणाला. मग थोड्या वेळाने, अगदी साध्या आवाजात, "माका वाटायचा, मी तुका राखतंय."

"राखीतच होतंस रे."

"गप. फुडे जा. काय आसा ता तरी बघूया."

सारिकाने शिपायाला बर्फात उभं केलं आणि बोटं उचलली. तीन गोळ्यांत तो पडला.

"मुद्दाम मेलंस."

"नाय रे. माका खंय जमता."

ओंकारने डोळे मिटले. त्याचा अंगठा मात्र गोधडीवर दाबलेला होता. ती चढत असतानाही तो तसाच दाबून धरून बसला असणार, नख पांढरं पडलं होतं. सारिकाने तो हळूच सोडवला, चोळला, आणि पेजेचं आधण ठेवायला उठली.