उशिरा वाजलेली टाच

हवालदार विठू मळीक. मुक्काम पाळी, तालुका डिचोली, गोवा. आधी हे नाव लिहितो, मग बाकीचं. मी आज चालतो ते या माणसामुळं.

मी हिंगोलीकडचा. दहावीनंतर शाळा सुटली, भरती झालो, सिग्नलमध्ये लाईनमन झालो. टेलिफोनची केबल टाकायची, बंद पडली की दोष शोधायचा, लाईन चालू करायची. त्या उन्हाळ्यात आमची चौदा जणांची डिटॅचमेंट सरावासाठी पेडणे तालुक्यात कोरगावला होती. कॅम्प काजूच्या बागेलगत. पावणेसहाला फॉलिन, म्हणजे रांगेत हजेरी, साडेसहाला केबलचे ड्रम घेऊन बाहेर. ड्रिल मळीक उस्ताद घ्यायचे.

कॅम्पवर आल्या आल्या माझं पोट बिघडलं, चार दिवसांत बरंही झालं. दोन आठवड्यांनी पायांना मुंग्या सुरू झाल्या. मी गप्प बसलो. प्रमोशनचा कॅडर कोर्स तोंडावर होता. मेडिकल कॅटेगरी खाली गेली की नाव कटणार.

तिसऱ्या सकाळी फॉलिनला उस्ताद थांबले.

"हिंगोली, तुझो पाय मागीर येता."

मागीर म्हणजे नंतर. सगळ्यांच्या टाचा एकदम वाजत होत्या, माझी उशिरा.

"काजूची फेणी उतरली नाही वाटतं," मागून आवाज आला. रांग हसली.

उस्तादांनी मला बाहेर काढलं. सावधान, विश्राम. दहा वेळा. मग आणखी पाच. पंधराव्याला मी पडलो. उठायला गेलो तर गुडघा ऐकेना.

आता शिव्या, असं मला वाटलं. उस्ताद शेजारी उकिडवे बसले.

"कामचुकार ओरडल्यावर सुधारतो. तू दर खेपेला बिघडत गेलास. कधीपासून?"

"तीन दिवस, उस्ताद."

"आनी आता सांगता? पिसो काय रे तू?"

त्यांनी वायरलेस सेट उचलला.

"एक पेशंट. गाडी पाठवा. ओव्हर."

"चालता येतं का? ओव्हर."

"काल येत होतं. आज नाही. लवकर पाठवा. ओव्हर."

साडेदहाला मी मोठ्या हॉस्पिटलात होतो, उस्ताद सोबत. मेजर डॉक्टर मॅडमनी गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय उडाला नाही. दुसराही नाही. मग पायाला वायरी लावल्या. गुडघ्याजवळ करंट द्यायचा, पावलापाशी किती वेळानं पोचतो ते पडद्यावर बघायचं. मी टक लावून बघत राहिलो. हे तर माझंच काम! अशीच लाईन मी रोज टेस्ट करत होतो.

"मॅडम, पोचतोय का?"

"पोचतोय, पण फार उशिरा. नसेवर मायलिन नावाचं आवरण असतं. ते झिजलंय. पोटाच्या जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलंय."

"आणि आतलं तांबं?"

मॅडमनी वर बघितलं. "लाईनमन का?"

"होय मॅडम. तांबं शाबूत आहे का?"

त्यांनी पुन्हा करंट दिला. पाय टचकन उडाला. पडद्यावर लाट उठली, पसरट, पण उठली.

"शाबूत दिसतंय."

"मग लाईन चालू होणार!" मी इतक्या जोरात ओरडलो की मशीनवरचा माणूस दचकला. उस्ताद दाराआडून ओरडले, "हळू रे, हॉस्पिटल आहे!" आणि स्वतःच हसत सुटले.

धोका टळला नव्हता. दुखणं वर सरकून छातीपर्यंत गेलं तर श्वास बंद पडतो. पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासायला काढलं, औषध शिरेतून सुरू झालं. पाच दिवस चालणार होतं. श्वास किती टिकतो ते बघायला उस्ताद उशाशी बसून एका दमात आकडे म्हणायला लावायचे. पहिल्या दिवशी एकतीस. दुसऱ्या दिवशी अठरा. चौथ्या दिवशी बावीस.

"बावीस!" त्यांनी नर्सबाईंना हाक मारून सांगितलं, जसा काही मी मेडल जिंकलो.

चार महिन्यांनी मी काठीशिवाय चाललो.

दोन वर्षांनी उस्ताद उत्तरेला बर्फाळ सीमेवर होते. तुटलेली लाईन जोडायला तिघं निघाले, वरून बर्फ सुटलं. दोघं परतले. उस्ताद नाहीत.

मी आता पेन्शनवर आहे, डिचोलीत वॉचमनची नोकरी करतो. घर अजून हिंगोलीलाच. रविवारी पाळीला उस्तादांच्या आईकडं जातो. गेल्या खेपेला ती म्हणाली, "पुता, माझो विठू पडलो ती जागा म्हाका एकदा दाखय."

तिला दम लागतो, रस्ता वाईट आहे, परवानगीचं माहीत नाही. भीती वाटते. पण उस्ताद, शब्द देतो. आईला मी तिथं नेणार. तिला चालवेल तिथंवर हात धरून, पुढं पाठीवर घेऊन.