सासूबाईंच्या वाटणीचा खाऊ

"हात खाली धरा. असा. आता घ्या."

बाळ पहिल्यांदा नातेवाइकांच्या हातात देताना दवाखान्यातल्या मावशी एवढंच बोलायच्या. आधी स्वतःचा डावा हात समोरच्याच्या तळव्याखाली लावायच्या, मग उजव्या हातावरचं बाळ हळूच तिकडं सरकवायच्या. आजी असो, आत्या असो, चार पोरं वाढवलेली बाई असो, सगळ्यांना हाच धडा. गंमत म्हणजे चिमूटभर बडीशेप द्यायची असली तरी मावशी तशीच द्यायच्या. आपला हात तुमच्या हाताखाली, आणि मग बडीशेप. मी हसायचे. "मावशी, बडीशेप आहे, बाळ नाही." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "वरनं टाकत न्हाय मी. वरनं टाकल्यालं सांडतं."

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल. त्याची एखादी लकब आपण वर्षानुवर्षं बघतो, तिची थट्टाही करतो, पण असं का करता हो, हे विचारायचं मात्र राहून जातं. माझं तेच झालं. त्यात मी नर्स. लोकांना दिवसभर प्रश्न विचारण्याचाच पगार घेत होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीत एका लहानशा बाळंतपणाच्या दवाखान्यात मी नोकरीला होते आणि मावशी तिथं आया होत्या. बुटक्या, सावळ्या, नऊवारीचा काष्टा घट्ट. त्या माझ्या आधी वीसेक वर्षांपासून तिथं होत्या. त्यांनी न्हाऊ घातलेल्या मुली पुढं त्याच दवाखान्यात बाळंतपणाला आलेल्या मी पाहिल्यात. मावशी पोटाकडं न बघता तोंडाकडं बघायच्या आणि सांगायच्या, "तुजी आई लई वरडली व्हती. तू कमी वरड."

मावशी बौद्ध. पाडवा झाला की त्यांचं एक काम सुरू व्हायचं. आमच्यापैकी प्रत्येकीला गाठून विचारायच्या, "गुढी उतरली का? गाठी कुठं ठिवली?" गुढीला बांधलेली साखरेची गाठी नंतर घरात नुसती लोळत असते, एखादा तुकडा पोरं चोखतात, बाकीची मुंग्या नेतात. मावशींना ती हवी असायची. चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांच्या गल्लीत वाटायच्या खाऊत त्या ती फोडून घालायच्या. डॉक्टरबाईंच्या घरची गाठी, कंपाउंडरच्या घरची गाठी, समोरच्या मेडिकलवाल्याची गाठी, सगळ्या त्यांच्या पिशवीत जमा.

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी ओपीडी संपली की दवाखान्याच्या मागच्या ओसरीवर मोठी परात यायची. चुरमुरे, डाळं, सोललेले भाजके दाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, खारकेचे तुकडे, बेदाणे, थोडी बडीशेप आणि बत्त्यानं फोडलेली गाठी. मी खोबरं कापायला बसायचे. मावशी कोपरापर्यंत हात धुऊन मिश्रण खालून वर कालवायच्या, चुरमुरा मोडू न देता. चूल नाही, स्टोव्ह नाही, पाक नाही. मी एकदा म्हटलं, "मावशी, गुळाचा पाक करून लाडू वळले तर?"

"आन पाकापाशी कोण बसनार? जयंतीला आमच्यात चुलीला सुट्टी. बायांनी बी मिरवणुकीत चालायचं, नुसतं बाप्यांनी न्हाय." मग परातीतच बघत म्हणाल्या, "आन कोरडं आसलं की कुणी न्हाय म्हनत न्हाय, सिस्टर. वलं आसलं की लोकांला उपास आठवतो."

ते मला कळलं. दवाखान्यात मी पाहतच होते. ज्या हातांनी आपलं बाळ न्हाऊन निघालं त्या हातचा चहा नको म्हणणारी माणसं यायची. मावशी तोंड वाकडं करायच्या नाहीत. कप परत न्यायच्या आणि स्वतः पिऊन टाकायच्या.

पहिल्याच वर्षी कालवून झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्राचा एक पुडा बांधून माझ्या हाती दिला, म्हणजे अर्थात हाताखाली हात लावून दिला. "हे सासूबाईंना. त्यांच्या गुढीची गाठी हाय यात. त्यांना म्हनावं, दवाखान्यातल्या मावशीनं दिलंय."

मी डाळजहून रोज येऊन-जाऊन करायचे. बारामती ते भिगवण एक एसटी, पुढं हायवेनं दुसरी. सासर मूळचं मेंढरं राखणारं. आजेसासऱ्यांच्या काळात कळप होता, माझ्या वेळेला ऊस होता आणि मेंढरांची आठवण म्हणून घोंगडी. सासूबाई करड्या. त्यांना आम्ही आत्या म्हणायचो. सोवळं-ओवळं त्यांनी माझ्यादेखत कधी पाळलं नव्हतं, पण बोलून दाखवलेलंही काही नव्हतं. माझं लग्न होऊन दोनच वर्षं झालेली. पुडा मांडीवर घेऊन मी विचार करायला लागले. आत्या विचारतील, कोणाचं? मी सांगेन. मग त्या पुडा देवळीत ठेवतील. तो तिथंच राहील. उद्या मावशी विचारतील, तेव्हा मी काय सांगू?

विचार करता करता मी पुड्याचा दोरा सोडला. चार दाणे तोंडात टाकले. भिगवणच्या स्टँडवर उतरले तेव्हा हातात नुसता कागद होता.

दुसऱ्या दिवशी मावशी रजेवर, तिसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी विचारलं, "काय म्हनल्या सासूबाई?"

इथं मी माती खाल्ली. नुसतं "आवडलं" म्हणून गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला ते सजवायची खाज असते. म्हटलं, "आवडलं हो, पण दात नाहीत ना त्यांना. चावता आलं नाही फारसं." मला वाटलं, म्हणजे पुढच्या वर्षी नाही देणार.

पुढच्या वर्षी मावशींनी घरून एक वेगळी पुरचुंडी आणली. डाळं, दाणे, खोबरं, गाठी, वर वेलदोडा, सगळं खलबत्त्यात कुटून अगदी मऊ केलेलं. दिवसभर बाळंतिणींची कापडं धुऊन घरी गेल्यावर त्या बाईनं हे कुटलं होतं. "दात न्हाईत म्हनून मानसानं गोड खाऊच न्हाय का?" म्हणाल्या. आता सांगा, त्या वेळी खरं कसं बोलायचं? नाहीच बोलले. एसटीत खिडकीशी बसून तो भुगा खाल्ला. अर्धा माझ्या पोटात गेला, अर्धा वाऱ्यानं मागच्या सीटवरच्या आजोबांच्या टोपीवर. चव मात्र अशी की त्या आजोबांनीही हात पुढं केला.

असं चार वर्षं चाललं. घरी आत्या दरवर्षी गुढी उतरवल्यावर गाठी कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत घालायच्या. "तुज्या मावशीला दे." आणि तिकडं मावशी दुसऱ्या वर्षापासून घरी कुटून आणायच्या. दोघींच्या मधे मी, आणि माझ्यामधे सगळा खाऊ.

पाचव्या वर्षी पाडव्यानंतर आत्यांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. डोळे तपासायला त्यांना बारामतीला आणलं. तपासणी झाली, आणि एसटीला वेळ म्हणून मी त्यांना आमच्या दवाखान्यात बाकावर बसवलं. ड्रेसिंगचं सामान आवरून मी बाहेर आले. आत्यांनी चंची उघडली होती. मावशी समोर उभ्या होत्या. आणि आत्यांनी अख्खी सुपारी दाढेखाली धरून कडकन फोडली.

मावशींनी सुपारीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"दात बरं हायती की तुमचं, आक्का," त्या आत्यांना म्हणाल्या.

"व्हय की. डोळं गेलं तरी दात हायती. बत्तीसच्या बत्तीस." आत्यांनी त्यांना वरखाली न्याहाळलं. "तुमीच का मावशी? आमची गाठी येती का पोचून दरसाल?"

"येती की."

"मग खाऊ करता म्हनं तुमी. सून सांगती." आत्या सुपारी चघळत थांबल्या. आपल्याला त्यातलं कधी का आलं नाही, असं त्या विचारत होत्या, ते मावशींनाही कळलं आणि मलाही.

"औंदाचा व्हायचा हाय आजून," मावशी शांतपणे म्हणाल्या आणि बादली उचलून आत गेल्या.

मी त्यांच्यामागं मोरीपाशी गेले. त्या कापडं पिळत होत्या. पाठ माझ्याकडं.

"कोन खात व्हतं, सिस्टर?"

"मीच. एसटीत."

"समदं?"

"सगळं."

"कुटल्यालं बी?"

"कुटलेलंसुद्धा."

"मग वाया न्हाय गेलं," त्या म्हणाल्या, पण कापड पिळत राहिल्या. पाणी कधीच संपलं होतं. "इचारायचं तरी व्हतं त्यांना. न्हाय म्हनल्या आसत्या तर मला सवय हाय. पन तुमी त्यांना न इचारता त्यांच्या वतीनं मला न्हाय म्हनून टाकलं. आन मी खुळी, कुटत बसली."

मला रडू आलं. मावशींनी मला जवळ घेतलं नाही, आणि ते बरोबरच केलं. जाताना एवढंच बोलल्या, "औंदा पुडा देनार न्हाय मी. खायाचं आसलं तर त्यांनी यावं. न्हाय आल्या तर तसं सांगा. खरं सांगा मातर."

परतीच्या एसटीत मी आत्यांना सगळं सांगितलं. चार वर्षांचं, दातांचं, आजोबांच्या टोपीचंही. भिगवण जवळ आलं तेव्हा आत्या म्हणाल्या, "मला वाटायचं, बाई गाठी घेती आन इसरती. मी मनात नावं ठिवली तिला."

"मला वाटलं तुम्ही खाणार नाही."

"खाल्लं आसतं का न्हाय, ते मला बी ठावं न्हाय," आत्या म्हणाल्या. "पन ते माजं मी ठरिवलं आसतं. माजं तोंड तूच धरून बसलीस." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "माज्या ल्हानपनी त्यांच्यातल्या बाया दारात यायच्या. आमची आई भाकरी वरनं टाकायची त्यांच्या पदरात. हात लागू नये म्हनून. खाली पडली तर त्या माती झटकून घ्यायच्या. मी उंबऱ्यात बसून बघितलंय."

वरनं टाकल्यालं सांडतं. पाच वर्षं मी ज्यावर हसत होते ते वाक्य त्या एसटीत माझ्या डोक्यात शिरलं. मी आत्यांना मावशींची ती लकब सांगितली. घरी गेल्यावर त्या थोडंच जेवल्या.

जयंतीच्या दिवशी मी उठले तर आत्या इरकल नेसून बसलेल्या. "किती वाजताची गाडी हाय?" म्हणाल्या.

मावशींच्या गल्लीत निळ्या पताका, पांढऱ्या साड्या, मिरवणूक निघायच्या बेतात. दारात परात घेऊन मावशी उभ्या. आम्हाला बघून त्यांचा हात परातीतच थांबला. आत्या पुढं झाल्या आणि त्यांनी सवयीनं एक हात पुढं केला. मावशींनी त्यांच्या तळव्याखाली आपला डावा हात लावला. आत्यांनी त्या हाताकडं पाहिलं. मग आपला दुसरा हात आणून ओंजळ केली, आणि दोन्ही हात मावशींच्या हातावर टेकवले. मावशींनी मूठभर खाऊ त्यात ठेवला. अख्खा, न कुटलेला.

आत्यांनी तिथंच उभ्यानं बकाणा भरला. चावल्याचा आवाज मला ऐकू येत होता. मावशी त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या, बाळंतिणीच्या तोंडाकडं बघायच्या तशा.

"ही गाठी आमची वाटती," आत्या म्हणाल्या.

"तुमचीच आसंल. चांगली घट हाय, तुमच्यावानी," मावशी म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसून मिरवणुकीत गेल्या. आत्या त्यांच्या मागोमाग चार पावलं चालल्या. मग गुडघा धरून कट्ट्यावर बसल्या.

त्यानंतर मावशी तीन वर्षं कामावर होत्या. माझ्याशी आधीसारख्या बोलायला लागल्या, पण पुडा पुन्हा माझ्या हाती कधी दिला नाही. आत्याच जायच्या. नंतर मावशींनी काम सोडलं आणि त्या लोणी देवकरला लेकीकडं राहायला गेल्या, जावई तिथं कारखान्यात होता. एका हिवाळ्यात त्या गेल्याचा निरोप आला तेव्हा दोन दिवस होऊन गेले होते. त्यांना शेवटचं बघायचं राहिलं, ते मला अजून लागतं.

आता आत्यांना खरोखरच दात नाहीत. माझं खोटं उशिरा का होईना खरं झालं. जयंतीच्या आदल्या दिवशी मी खलबत्ता काढते. डाळं, दाणे, खोबरं, आमच्या गुढीची गाठी. कुटताना मनगट भरून येतं तेव्हा मावशींनी हे तीन वर्षं माझ्यासाठी केलं, हे आठवतं. मग मी आणखी बारीक कुटते.

गेल्या वर्षी माझ्या एका हातात वाटी होती, दुसऱ्या हातात चमचा, आणि गॅसवर दूध. घाईत मी वरूनच चमचा आत्यांच्या तळहातावर उपडा केला. आत्यांना आता नीट दिसत नाही, पण त्यांनी हात झटकन मागं घेतला. भुगा मांडीवर सांडला.

"आसं न्हाय," म्हणाल्या. "हात खाली धर."

मी गॅस बंद केला, वाटी खाली ठेवली, आणि त्यांच्या तळव्याखाली माझा हात लावला.