गोदूबाईंची बंदिश

गोदूबाईंकडं गाणं आणि निबंध एकाच सतरंजीवर चालायचे. दापोडीत, रेल्वे फाटकाजवळच्या खोलीत. शेवंता तंबोरा घेऊन बसायची आणि शेजारी मी, सातवीच्या फायनल परीक्षेचे निबंध घोटत. माझा निबंध बाई स्वतः कधी वाचत नसत, मला मोठ्यानं वाचायला लावत. मध्येच हात वर करून म्हणत, "इथं दम लागला तुला. वाक्य तोड." लगेच शेवंताला, "आणि तू नको तिथं श्वास घेतेस." आम्हा दोघींना त्या एकाच काठीनं हाकत. मला राग यायचा, कारण गाण्याशी माझा काडीचा संबंध नव्हता.

गुरूंनी दिलेली भीमपलासातली एक बंदिश आता फक्त बाईंच्याच गळ्यात उरली होती. ती कागदावर उतरवायची नाही, समोर बसून घ्यायची, ही त्यांच्या घराण्याची रीत. शेवंताची अस्थाई, म्हणजे पहिला भाग, झाली, पुढचा अंतरा राहिला होता, आणि बाईंच्या गळ्यात गाठ निघाली. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, कापावं लागेल, आवाज जाईल. त्यातच चाकणकडच्या खेड्यातून शेवंताचे वडील तिला न्यायला आले. थोडे दिवस तरी ठेवा म्हणून बाईंनी त्यांच्यापुढं हात जोडले.

"लगीन ठरलंय, बाई," ते खाली बघत म्हणाले. "आता गाणं न्हाई व्हायाचं."

शेवंता गेली, मग बाई माझ्यामागं हात धुऊन लागल्या. अस्थाई शेजारी बसून माझ्या कानात बसलीच होती; आता निबंध बंद, दिवसभर अंतरा. माझा आवाज फुटक्या मडक्यासारखा, पण त्या सोडेनात. रडकुंडीला येऊन मी विचारलं, लिहून घेऊ का?

"शब्द लिहिशील," त्या म्हणाल्या. "दोन शब्दांच्या मधलं कसं लिहिशील?"

ऑपरेशन होऊन आल्या तेव्हा गळ्याला पट्टी होती आणि आवाज गेलेला. तरी मला समोर बसवलं. अंतऱ्यात एका जागी मी चुकले, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पुन्हा गायले, पुन्हा तिथंच. त्यांनी पाटी ओढून लिहिलं, "वर." मी वर गेले. पुसून लिहिलं, "इतकं नाही." पुसून, "हळू ये." मग "जशी" एवढंच लिहिलं आणि पेन्सिल थांबली. त्यांनी तोंड उघडलं, नुसती हवा आली. मला त्यांच्याकडं बघवेना.

त्याच हिवाळ्यात बाई गेल्या. मी फायनल पास झाले, शाळेत शिकवायला लागले. ती बंदिश मला अजून पाठ आहे. अंतऱ्यात त्या जागी आले की मी चुकते, हे मला पक्कं ठाऊक आहे. बरोबर काय, ते आता कुणालाच माहीत नाही.