ताटं द्यायला गेलेल्या अक्का

पाटाच्या कडेनं निम्मी वाट मागं पडली, तेव्हा मी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. आतली बाटली करंज्यांच्या डब्यावर आपटली तशा अक्का थबकल्या.

"हळू ग, शालन! फुटली तर चांगुणा आपल्या दोघींना पाटात ढकलंल."

"तुम्हाला ढकलेल. मला कुठं ओळखते ती?"

अक्का हसल्या. माझं बोलणं टोचलं की त्या अशाच हसतात, मान दुसरीकडं करून.

सलोमी अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी सगळी उमर नर्स म्हणून काढली. आमच्या वस्तीपासून सोनईपर्यंत निम्म्या लोकांना त्यांनी आईच्या पोटातून बाहेर घेतलंय, त्यामुळं अजून सगळे त्यांना 'शिस्टर'च म्हणतात. चांगुणाकडं, सोनईच्या बाजूला जायला टमटम मिळते, पण अक्का पाटानंच चालत जातात. "टमटममधी शेजारचं मानूस इचारतं, शिस्टर, कुठं निघाल्या? पाटाला तोंड न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी निघतानाच त्यांनी मला बजावलं होतं, "वझं जड हाय म्हनून चल. पर वळणावरच्या बाभळीपासून माघारी फीर." म्हणजे मी हमाल. बाभळीच्या पुढं चांगुणाचा गोठा, आणि गोठ्याला लागून ती दुधाच्या कॅनची खोली. त्या खोलीत काय चालतं ते मला माहीत होतं. मी तिथं कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

नाताळला आमचं घर गच्च भरतं. संगमनेरहून नणंद रोहिणी येते, तिची सासरची येतात, चुलत सासरे, त्यांची लेकरं. आठ दिवस आधी करंज्या-अनारशांना सुरुवात. नाताळची भक्ती झाली की चुलीवर मटणाची दोन पातेली चढतात. पहिली पंगत उठली, की अक्का फराळाची दोन ताटं भरतात, वर विणलेले रुमाल टाकतात आणि म्हणतात, "चांगुणाचं आन् मुबारकबीचं ताट देऊन येते." सणाला शेजारीपाजारी ताट पोचवायची आमच्यात रीतच आहे, अडवणार कोण? गेलेल्या अक्का दिवेलागणीला येतात. तोंडात लवंग, डोळे चमकते.

मधल्या वेळात रोहिणी मला विचारते, "वहिनी, थोरल्या वहिनी कुठंयत?"

"ताटं द्यायला गेल्यात."

"दोन ताटं द्यायला अख्खा दिवस?"

"त्या बाया लवकर सोडत नाहीत." यात खोटं काही नव्हतं. मी पातेली घाशीत असायचे.

त्या तिघींचं असं ठरलेलं आहे की ज्या घरचा सण, त्या घरच्या बाईनं पळायचं. पाडव्याला चांगुणा पळते, ईदेला मुबारकबी, नाताळला आमच्या अक्का. उरलेल्या दोघी पळालेलीला बसवून खायला घालतात, हात धुवायलासुद्धा उठू देत नाहीत. चांगुणाची दोन आणि मुबारकबीची तीन बाळंतपणं अक्कांनी केली, तेव्हापासूनची ही मैत्री. नाताळला मात्र अक्का नगरहून मागवलेली पोर्ट वाइनची बाटली नेतात. दवाखान्यातल्या जुन्या मेट्रनबाई अशक्त बाळंतिणीला चमचाभर पोर्ट द्यायच्या. "रगत वाढतं," अक्का सांगतात. त्या दोघींची बाळंतपणं होऊन आता नातवंडं शाळेत जातात, तरी रक्त वाढवणं चालू आहे. मुबारकबी पीत नाही. ती काळा चहा घेते आणि म्हणे सगळ्यात जास्त तीच बडबडते.

हे मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. मी देवाधर्माची बाई, मला त्या बाटलीचं काही नव्हतं. मला हेवा वाटायचा तो रात्री भांडी लावताना. अक्का एकदम फिसकन हसायच्या. "काय झालं, अक्का?" "काय न्हाई ग. मुबारकबी काय म्हनली ते आठिवलं." काय म्हणाली ते मात्र सांगायच्या नाहीत. एका चुलीवर आम्ही दोघींनी केस पिकवले, आणि हसू कुणाचं? तिकडच्यांचं. मी प्रार्थनेत पुष्कळदा मागितलं, की प्रभू, माझ्या मनातलं हे काढ. त्यानं काढलं नाही.

यंदा मात्र घोळ झाला. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीला दारू चालत नाही, मनुका उकळून गाळलेला रस असतो. तो करायचं काम माझ्याकडं. रस मी अक्कांनीच दिलेल्या, धुऊन वाळवलेल्या बाटल्यांत भरते आणि माझ्या कपाटात कुलपात ठेवते. आता कळलं, की कपाट उघडं दिसलं की अक्का आपली पोर्ट त्याच कपाटात, माझ्या बाटलीच्या मागं लपवायच्या. चर्चच्या रसामागं कोण शोधणार? नाताळच्या सकाळी भांड्यांसाठी कपाट उघडं होतं, तेव्हा घाईत त्यांनी सारखीच दिसणारी बाटली उचलली. ती माझी निघाली.

नव्या वर्षाच्या सकाळी मी प्रभुभोजनाचे छोटे पेले भरायला घेतले. बूच काढलं आणि वास नाकात गेला. बोट बुडवून जिभेवर ठेवलं. गोड, आणि मागून घशात ऊब. मी तसंच बूच लावलं, मूठभर मनुका गरम पाण्यात कुस्करल्या आणि पळत चर्च गाठलं. भक्तीनंतर पाळकसाहेब म्हणाले, "शालनबाई, यंदा रस जरा पातळ झाला." मी म्हणाले, "होय साहेब, मनुकाच तशा होत्या."

पाहुणे गेल्यावर मी बाटली अक्कांसमोर ठेवली. त्यांनी कपाळावर हात मारला. "आगं, मला कळलं हुतं. पर किल्ली तुझ्या कंबरंला. मागू कशी? म्हटलं, शालनच्या नाकाला कळंल." आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही ती पोचवायला निघालो.

उसाच्या ट्रॉल्या फॅक्टरीकडं चालल्या होत्या, पाटावर धुरळा येत होता. मी विचारलं, "मग नाताळला तुम्ही तिघींनी माझा रस प्यायला?"

"प्यायला म्हंजी! चांगुणानं पहिला घोट घेतला आन् म्हनली, शिस्टर, ह्यो तर तुमच्या देवाचा रस. आमी दोघींनी खाली ठिवला. मुबारकबी म्हनली, बघू. प्याली. आन् म्हनली, आज पैल्यांदा तुमच्या बाटलीतलं मला चालतंय, तर तुमी थांबता व्हय? मंग काय, पेला पुढं करून बसली. बाटली तिनंच संपिवली. संध्याकाळपातुर हसत हुतो."

म्हणजे नाताळला माझा रस त्या खोलीत जाऊन बसला. त्याला पेला मिळाला, त्याच्यावर हसू झालं. मी रोहिणीच्या सासूसाठी पाणी तापवत होते. मला इतकं लागलं, की मी पाटाच्या पाण्याकडं बघत चालायला लागले.

"मला एकदाही का नाही नेलं, अक्का?"

"तू कधी म्हनलीस?"

"असं म्हणायचं असतं? तुम्ही विचारायचं असतं."

अक्का वहाणेतला खडा काढायला वाकल्या, माझ्या दंडाला धरून उभ्या राहिल्या.

"खरं सांगू? तुला नेलं आस्तं तर घरी कोन ऱ्हायलं आस्तं? तू चुलीपुढं हायस म्हनून मला भाईर पडता आलं. दर साली येताना वाटतं, शालनला सांगावं. मंग वाटतं, सांगितलं तर तिलाबी यावंसं वाटंल. म्हनून न्हाई सांगितलं."

"ते मला आधीपासूनच वाटत होतं."

"तुझ्या तोंडावर दिसायचं, बाई. मी बघत नव्हते."

बाभळ आली. झाडापासून गोठ्याचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. आतून चांगुणाचा आवाज येत होता, ती कुण्या म्हशीला शिव्या देत होती. हसणारी दुसरी मुबारकबीच असणार. ते हसू मी पहिल्यांदाच ऐकलं. जाडंभरडं, पुरुषासारखं. अक्का थांबल्या, तशी मी पिशवीचा बंद मुठीत घट्ट धरला. हातातून काढून घ्यायची तर घेऊ दे म्हटलं, पण आपण होऊन द्यायची नाही.

"शालन, एक मागू?"

"मागा."

"पुढल्या नाताळची पातेली रोहिणीला घासू दे. तिला मी सांगते. तुझ्याकडं येगळंच मागायचंय."

"पिशवी?"

"पिशवी ऱ्हाऊ दे तुझ्याच खांद्यावर. आत चल. पर तिथं बसल्या बसल्या प्रार्थना काढू नको. घरी तुझी प्रार्थना सुरू झाली की मटण गार व्हतं, हितं मुबारकबीचा चहा गार झाला तर ती मला सोडनार न्हाई. करायचीच आसंल तर मनात कर. आन् लई लांबवू नको, एवढं ऐक माझं."